ज्या वर्षाचं नाव उरहून आलं नाही

उर्निगर लेखनिकाला कोणी त्याच्या मुलीचं वय विचारलं तर तो आकडा सांगत नसे. "डोंगरातला किल्ला पाडला, त्या वर्षाची," असं म्हणे, आणि समोरचा मनातल्या मनात वर्षं मागे नेऊ लागला की खूश होऊन बघत बसे. तसं आमच्या शरकुग गावात सगळेच वर्षं नावाने ओळखतात. दर वसंतात जव कापून झाले की राजाच्या नगरातून, उरहून, निरोप्या येतो आणि नव्या वर्षाचं नाव सांगतो. राजाने अमक्या देवाला सिंहासन वाहिलं ते वर्ष, तमका कालवा खणला ते वर्ष. नाव येईपर्यंत मागच्याच नावाला 'त्याच्या नंतरचं वर्ष' असं शेपूट लावून काम भागवायचं. बाकीच्यांना हे नाव म्हणजे मातीच्या पाटीच्या तळाशी लिहायची एक ओळ. उर्निगर मात्र ती ओळ लिहिताना बोरू नव्याने तासून घ्यायचा.

तो गुलादेवीच्या देवळात लेखनिक होता. गुला आजार बरे करणारी, त्यामुळे अंगणात तिची कुत्री लोळत असायची आणि ओसरीवर आजारी माणसं. नाव आलं की ते देवळाच्या दारात उभं राहून गावाला पुकारून सांगायचा मान त्याचा. त्या दिवशी तो डोक्याला तिळाचं तेल चोपडून, धुतलेलं वस्त्र नेसून यायचा आणि धुळीने माखलेल्या निरोप्याने पुटपुटलेलं नाव असं खणखणीत पुकारायचा की भिंत, सिंहासन, कालवा, सगळं यानेच एकहाती केलंय असं वाटावं.

"भिंत राजाने बांधली, छाती तुमची फुगली," त्याची बायको निनहेदू म्हणायची. "आपल्या अंगणाची भिंत ढासळलीय, ती कोणत्या वर्षी बांधायची?"

"तुला नाही कळायचं."

"मला भिंत कळते हो. ती पडली की शेजाऱ्याच्या शेळ्या आत येतात, एवढं कळतं."

असं हे घर होतं. भांडखोर, पण चांगलं. मग एका वर्षी वसंताच्या तोंडावर निनहेदूला ताप चढला. सहा दिवस उतरेना. सातव्या दिवशी ती माणसं ओळखेनाशी झाली तेव्हा उर्निगर देवळात गेला आणि देवीपुढे आडवा पडला. लोक अशा वेळी नवसाला मेंढी बोलतात, तांब्याचा कुत्रा बोलतात. उर्निगरकडे बोलण्यासारखं एकच होतं. बायको वाचली तर एकुलती एक मुलगी अमसगा देवीच्या विणघरात सेवेला देईन, असं तो बोलून गेला.

देवळाचा कारभारी अतू जवळच होता. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नियमाने चालायचा, आणि नियमाने चालणाऱ्याकडून माणसाचं जेवढं वाईट व्हायचं तेवढंच त्याच्याकडून व्हायचं.

"बोललास ते लिहून दे," तो म्हणाला. "किती काळ देतोस पोरीला?"

"तीन वर्षं."

"मग छत्तीस महिने लिही. सगळे तसंच लिहितात."

बायको घरी मरायला टेकलेली, आणि तरी या माणसातला लेखनिक जागा झाला. मला त्याचा आजही राग येतो. "महिने मजुराचे मोजतात, कारभारी," तो म्हणाला. "देवीशी बोलायचं तर नावाने बोलावं." आणि त्याने सुंदर अक्षरात लिहिलं, की देवीच्या दारात राजाच्या वर्षांची तीन नावं पुकारली जातील, तेव्हा अमसगा आपल्या घरी जाईल.

नवव्या दिवशी निनहेदू उठून बसली आणि तिने कांदा-भाकर मागितली. त्याच संध्याकाळी पंधरा वर्षांची अमसगा एक गाठोडं घेऊन विणघरात गेली. आईला हे कळलं तेव्हा ती नवऱ्याशी पूर्ण एक महिना बोलली नाही, आणि निनहेदूसारख्या बाईने महिनाभर गप्प बसणं म्हणजे काय, ते त्या गल्लीत राहिलेल्यांनाच माहीत.

पहिलं नाव लवकर आलं. राजाने नगराभोवती मोठी भिंत बांधली ते वर्ष. दुसरं थोडं उशिरा आलं. राजाची मुलगी डोंगरातल्या सरदाराला दिली ते वर्ष. उर्निगरने ते पुकारलं तेव्हा विणघरातल्या बायका अंगणात येऊन उभ्या होत्या. अमसगाने गर्दीतूनच बापाकडे बघून एक बोट वर केलं. एकच राहिलं. तिच्या शेजारी बाझी उभी होती. विधवा, दात पुढे आलेली, सगळ्या विणघराला हसवणारी. तिने अमसगाचं बोट धरून आणखी उंच केलं, म्हणजे म्हाताऱ्याला दिसावं.

तिसरं नाव आलं नाही.

त्या वसंतात वाळवंटातून मार्तू टोळीवाले आले. मेंढ्या चारत दरसालच यायचे, पण या खेपेला भाले घेऊन आले. उरच्या वाटेवरची गावं त्यांनी जाळली आणि कालव्याचे बांध फोडले. आमच्याकडे पाणी कमी झालं, जमिनीवर मीठ फुटलं, जव गुडघ्याएवढे होऊन पिवळे पडले. उर्निगर रोज वेशीवर जाऊन बसायचा. पाट्यांवर लिहायचा, 'राजकन्या डोंगरात दिली त्या वर्षानंतरचं वर्ष'. वर्ष संपत आलं, तरी शेपूट काही सुटलं नाही. मग आणखी एक वसंत आला. वेशीवर कुत्रंसुद्धा आलं नाही. आता लिहायचं, 'राजकन्या दिली त्या वर्षानंतरच्या वर्षानंतरचं वर्ष'. छोट्या पाटीवर ही ओळ मावायचीसुद्धा नाही.

तो अतूकडे गेला. "कारभारी, चाळीस महिने होऊन गेले. पोरीला सोडा."

अतूने पाटी काढून त्याच्यापुढे धरली. "वाच."

"मीच लिहिलीय."

"मग तर वाचायलाही नको. तीन नावं. दोन झाली. हा शब्द तू मला दिला असतास तर मी आत्ता पोरीला घरी पाठवलं असतं, उर्निगर. तू तो देवीला दिलास. तिने तुझी बायको जगवली. उद्या मी तुझी मुलगी आधी सोडली आणि देवीने दिलेलं परत घेतलं, तर तोंड कुणाला दाखवशील?"

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा निनहेदू अळीव निवडत होती. जेवायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"चंद्र काय उरहून येतो का?" ती म्हणाली. "निरोप्या त्याला पाठीवर बांधून आणतो? तो आहे ना तिथेच, दर महिन्याला. महिने लिहिले असते तर पोर आज इथे बसली असती. पण नाही. आमच्यांना देवीपुढे अक्षर दाखवायचं होतं."

"तू मरत होतीस गं."

"मरू द्यायचं होतं," ती म्हणाली, आणि हे ती टोमणा म्हणून बोलली नाही.

विणघरात धान्याचा वाटा निम्म्यावर आला होता. दिवसाला दोन वाट्या जव मिळायचे, तेही कोंड्यासकट. महिन्यातून एकदा आई-बापाला भेटू देत. त्या खेपेला अमसगा भिंतीला टेकूनच बोलत होती, कारण उभं राहिलं की तिला चक्कर यायची. "बाझी तिच्यातलं मला देते," ती म्हणाली. "म्हणते, माझे दात एवढे पुढे आहेत की घास आत जाईपर्यंत भूकच मरते." ती हसली. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. उर्निगरला कळून चुकलं की आणखी एक हिवाळा ही पोर काढणार नाही.

वर्षाला नाव नाही म्हणून पोर मरणार. मग वर्षाला नाव द्यायचं, इतकं ते सोपं होतं. असं आमच्याकडे कोणी कधी केलं नव्हतं. लोक खोटं बोलतात, खोटे शिक्के उठवतात, पण वर्षाचं नाव खोटं करायचं हे चोराच्यासुद्धा डोक्यात आलं नसतं. ते लेखनिकाच्याच डोक्यात यायचं.

तो माती मळून अंगणात बसला आणि त्या वर्षात काय काय घडलं ते आठवू लागला. नावात कधी वाईट घडलेलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. राजा हरला ते वर्ष, असं नाव कोणी पाठवत नाही. मग चांगलं काय घडलं? बांध फुटले. मेंढ्या मेल्या. कुंभाराची दोन्ही मुलं गेली. देवळातल्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, तेवढीच एक बरी गोष्ट, पण तीही लोकांनी एकेक करून खाल्ली होती आणि अतूने न पाहिल्यासारखं केलं होतं. दुपारपर्यंत उर्निगर एक चांगली गोष्ट शोधत राहिला. सापडली नाही. शेवटी जे व्हायला हवं होतं तेच त्याने लिहिलं: 'राजाने मार्तूंना वाळवंटात हाकललं आणि उरची वाट मोकळी केली ते वर्ष'.

अक्षर उरच्या वळणाचं काढलं. ओळ वाचून बघितली आणि, काय सांगायचं, ती त्याला आवडली. इतकं चांगलं नाव गेल्या दहा वर्षांत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेशीवरून धावत आला. निरोप्या आला होता म्हणे, तापाने फणफणलेला. त्याला पुढच्या गावाला जायचं होतं, पाटी हातात देऊन निघून गेला. अतूने पाटी बघितली. एकही प्रश्न विचारला नाही. तीस वर्षांत या माणसाने एक मेंढी इकडची तिकडे लिहिली नव्हती, त्याला काय विचारायचं? उर्निगरने तेल लावलं, वस्त्र नेसलं आणि देवळाच्या दारात उभं राहून नाव पुकारलं. त्याचा आवाज तेवढाच खणखणीत होता.

लोक रडायला लागले. ज्यांचे मुलगे सैन्यात गेले होते त्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुंभार, ज्याची दोन्ही मुलं गेली होती, तो लोकांना धरून धरून सांगत होता, "वाट मोकळी झाली! ऐकलंत का, वाट मोकळी झाली!" उर्निगरने त्याच्याकडे बघितलं नाही. तो विणघराच्या दाराकडे बघत होता.

अमसगा त्याच दिवशी घरी आली. आईने तिचे केस धुतले, उवा काढल्या, कुठून तरी मिळवलेल्या सुक्या माशाचा रस्सा केला. पोर जेवता जेवता झोपली. निनहेदू तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. "चांगलं नाव आलं हो," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. चार वर्षांत ती त्याच्याशी इतकं मऊ बोलली नव्हती. त्याने मान डोलावली. तीन दिवस ते घर पुन्हा घरासारखं होतं, आणि ते तीन दिवस त्याला मिळाले हे मी नाकारत नाही.

चौथ्या दिवशी अमसगा म्हणाली, "बाबा, धक्क्यावर चला ना. बाझी आणि सगळ्या जणी आज निघाल्या."

"निघाल्या? कुठे?"

"उरला. मोठ्या देवळात. तुम्हाला ठाऊकच आहे की."

त्याला ठाऊकच होतं. मार्तू आले त्याच्या जरा आधी उरच्या देवळाने मागणी केली होती की आमचे माग रिकामे आहेत, तुमच्या विणकरणी पाठवा. ती पाटी अतूला यानेच वाचून दाखवली होती आणि यानेच फळीवर ठेवली होती. पण मग वाट मोकळी राहिली नाही म्हणून बायका थांबल्या होत्या. आता वाट मोकळी झाली होती. देवळाच्या दारात तसं पुकारलं होतं. अतूला तर बरंच झालं, एकोणीस तोंडं कमी.

धक्क्यावर गर्दी होती. बोरूच्या बेटापाशी नाव बांधलेली, तिच्यावर बायका गाठोडी घेऊन बसलेल्या. सोबत नाव ओढायला चार माणसं, हत्यार एकाकडेही नाही. मोकळ्या वाटेवर हत्यार कशाला? अतू दोर तपासत होता.

"कारभारी," उर्निगर त्याच्याजवळ गेला. "थोडे दिवस थांबून पाठवा ना."

"का रे?"

"वाट... अजून म्हणजे..."

"नाव तूच पुकारलंस ना?"

तेव्हा बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की ते नाव मी लिहिलं. बायकांची नाव थांबली असती. पोरगी पुन्हा आत गेली असती आणि हिवाळ्यात मेली असती. त्याच्या एका बाजूला अतू उभा होता आणि दुसऱ्या बाजूला अमसगा, धुतलेल्या केसांची, पाय उंचावून बाझीला शोधत असलेली.

"हो," तो म्हणाला. "मीच पुकारलं."

बाझी नावेतून ओरडली, "ए अमसगे, तुझा बाप बघ कसा उभा आहे! आमच्याशिवाय करमणार नाही म्हाताऱ्याला!" सगळ्या हसल्या. अमसगाने आपली लाकडी फणी तिच्याकडे फेकली आणि बाझीने ती झेलली. माणसांनी दोर खांद्यावर घेतला. नाव वळणाआड जाईपर्यंत अमसगा हात हलवत होती.

अकराव्या दिवशी ती नाव कोळ्यांना सापडली. अर्धी जळलेली, गवतात अडकलेली. आत कोणी नव्हतं. पाण्यात काय काय सापडलं ते कोळ्यांनी अतूला बाजूला नेऊन सांगितलं आणि मग ते गावभर झालं.

अमसगा घरी आली ती सरळ बापासमोर उभी राहिली. "निरोप्या दिसायला कसा होता, बाबा?"

"तापाने..."

"चेहरा कसा होता?"

तो बोरू तासायला लागला. निनहेदूने हातातलं जातं थांबवलं.

"तुम्ही लिहिलंत," अमसगा म्हणाली.

"तू मेली असतीस गं पोरी."

"मेले असते. मी एकटी मेले असते."

तिने तोंड धुतलं, ओले केस बांधले आणि बाहेर पडली. निनहेदू तिच्या मागे धावली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

उर्निगर देवळात पोचला तेव्हा अमसगा अतूपुढे बसली होती. उर्निगरने सगळ्यांसमोर कबूल केलं. पाटी मी केली, निरोप्या आला नव्हता, मला बांधा, मारा, जे नियमात असेल ते करा. अतू दहा दिवसांत म्हातारा झाला होता. दोर त्याने स्वतः तपासले होते.

"वर्षाचं नाव खोटं करणाऱ्याला शिक्षा राजा देतो," तो म्हणाला. "मला तो अधिकार नाही. राजाला कळवायला माणूस पाठवावा लागेल. कोणाला पाठवू? सांग, कोणाला पाठवू?"

"मग ते नाव तरी खोडा," उर्निगर म्हणाला. "पुन्हा 'नंतरचं वर्ष' लिहू."

"देवीच्या दारात पुकारलेलं नाव खोडता येत नाही. दुसरं येईपर्यंत तेच चालणार." अतूने ओल्या मातीचा गोळा त्याच्यापुढे सरकवला. "आता लिही. ही पोर पुन्हा सेवेला राहते म्हणतेय. वीस माग आहेत, हात लावायला कोणी नाही. पोरी, किती काळ राहतेस?"

"काळ लिहू नका," अमसगा म्हणाली.

"अगं असं नको," उर्निगर म्हणाला. "महिने लिहू दे. बारा लिहितो. सहा लिहितो."

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. "त्यांना सांगा, काळ लिहू नका," ती अतूला म्हणाली.

गावात दुसरा लेखनिक नव्हता. उर्निगरने मांडी घातली, माती थापली, बोरू घेतला. अमसगा, उर्निगर लेखनिकाची मुलगी, गुलादेवीच्या विणघरात राहील, असं लिहिलं. किती काळ, ती जागा मोकळी सोडली. मग तळाची ओळ राहिली. ती लिहिल्याशिवाय पाटी पुरी होत नाही. अतू थांबला होता, अमसगा उठून विणघराकडे निघालीही होती. उर्निगरने लिहिलं, राजाने मार्तूंना वाळवंटात हाकललं आणि उरची वाट मोकळी केली ते वर्ष, आणि पाटी उन्हात वाळायला ठेवली.